विश्लेषण : चावी हुबेहूब, तरी कार सुरू का होत नाही? डुप्लिकेट चावी आणि रिमोट स्टार्ट यांच्या आड येणारा इमोबिलायझर

डुप्लिकेट चावीने दार उघडते, स्टार्टरही फिरतो. पण इंजिन एक-दोन सेकंदांत बंद पडते. बिघाड समजून बॅटरी आणि पेट्रोलपंप तपासले जातात. प्रत्यक्षात गाडीत काहीच बिघडलेले नसते. समोरची चावी तिच्या ओळखीची नसते, एवढेच.

कौंडण्यपूरची कार्तिकातली यात्रा असो की गुरुकुंज मोझरीतला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव, तिवसा तालुक्यात वर्षातले काही दिवस अशी गर्दी होते की रस्त्याकडेची मोकळी शेतेही वाहनतळ बनतात. मोबाईल जितका जपला जातो तितकी चावी, म्हणजे वऱ्हाडातली ‘चाबी’, जपली जात नाही. वर्धा नदीत अंघोळीला उतरताना ती काठावर राहते, रेतीत पडते किंवा गर्दीत कुठेतरी सुटते. साधी मोटारसायकल असेल तर प्रश्न तासाभराचा. चावीवाला कोरी चावी घेऊन येतो, कुलपात घालून खुणा पाहतो, कानस चालवतो आणि शंभर-दोनशे रुपयांत गाडी सुरू करून देतो.

कारचे तसे नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांतली कार असेल, तर हाच कारागीर दार उघडून देईल, कदाचित स्टीअरिंगचे कुलूपही सोडवेल. इंजिन मात्र चालणार नाही. तिवस्याहून अमरावती सुमारे ४५ किलोमीटर, नागपूर शंभराच्या पुढे. रात्रीची वेळ असेल आणि घरातल्या कोणाला इर्विनला हलवायचे असेल, तर दारात उभ्या असलेल्या कारचा काडीचा उपयोग होत नाही. कार असलेल्या प्रत्येक घराला म्हणूनच हे यंत्र थोडे तरी समजलेले बरे.

कुलूप कुठे असते?

मारुती ८०० किंवा ओम्नीच्या जुन्या गाड्यांत चावीचे काम एवढेच होते की इग्निशनचा खटका फिरवायचा. खटका फिरला की बॅटरीचा प्रवाह सुरू, स्टार्टर फिरला, गाडी चालू. म्हणून चोराला चावीची गरजच नसे. स्टीअरिंगखालच्या वायरी जोडल्या की काम झाले. हिंदी चित्रपटातला नायक अजूनही तसेच करतो. आजच्या कारमध्ये त्याने ते करून पाहावे.

इमोबिलायझर आल्यावर खरे कुलूप दारात किंवा स्टीअरिंगखाली राहिले नाही. ते इंजिन चालवणाऱ्या संगणकात, म्हणजे ईसीयूमध्ये गेले. इंधन किती सोडायचे, ठिणगी केव्हा पाडायची हे सगळे ईसीयू ठरवतो. त्याने ‘नाही’ म्हटले तर वायरी कितीही जोडा, इंजेक्टर डिझेल सोडत नाही आणि प्लग ठिणगी देत नाही. मारुतीच्या गाड्यांवर ‘आय-कॅट्स’ असे लिहिलेले स्टिकर अनेकांनी पाहिले असेल. ते याच यंत्रणेचे नाव, ‘इंटेलिजंट कॉम्प्युटराइज्ड अँटी थेफ्ट सिस्टीम’. इतर कंपन्यांची नावे वेगळी, तत्त्व तेच. आज जवळपास प्रत्येक नव्या कारच्या माहितीपत्रकात ‘इंजिन इमोबिलायझर’ ही ओळ असते. सनरूफच्या ओळीसारखी ती कोणी वाचत नाही.

चावीतल्या चिपला बॅटरी लागत नाही

चावीच्या काळ्या प्लास्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी काचेची नळी किंवा काळा चौकोनी तुकडा असतो. हा ट्रान्सपाँडर. त्याला स्वतःची बॅटरी नसते. इग्निशनच्या तोंडाभोवती, प्लास्टिकच्या आवरणाखाली, तांब्याच्या बारीक तारेचे कडे बसवलेले असते. चावी घालून फिरवली की त्या कड्यातून सुमारे १२५ किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि त्याच ऊर्जेवर चिप जागी होते. मेट्रोचे कार्ड बॅटरीशिवाय चालते ते याच तत्त्वावर.

जागी झालेली चिप पहिल्या पिढीत आपला ठरलेला क्रमांक सांगून मोकळी होई. तो क्रमांक एकदा ऐकून दुसऱ्या चिपवर उतरवता येत असे. त्यामुळे पुढच्या पिढीत पद्धत बदलली. गाडी दर वेळी एक नवीच, मनाला येईल ती संख्या चिपकडे पाठवते. चिप आपल्या पोटातले गुपित वापरून त्या संख्येवर आकडेमोड करते आणि उत्तर परत पाठवते. गाडीकडेही तेच गुपित असते. तीही तेच गणित करते. दोन्ही उत्तरे जुळली तर इंजिनाला परवानगी. प्रश्न दर वेळी वेगळा असल्याने कालचे उत्तर चोरून आजच्या प्रश्नाला देता येत नाही. हे सारे चावी फिरवण्याच्या त्या एका क्षणात उरकते.

इथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. चावीवरच्या बटणाने दारे उघडतात तो रिमोट वेगळा आणि इमोबिलायझरची चिप वेगळी. एकाच प्लास्टिकमध्ये राहणारे ते दोन भाडेकरू आहेत. रिमोटला नाण्याच्या आकाराचा सेल लागतो. तो संपला तर बटण चालणार नाही, पण चावीने दार उघडून गाडी नेहमीसारखी सुरू होईल. उलट, रिमोट ठणठणीत चालतो आणि गाडी सुरू होत नाही, असेही घडते. वर्धेच्या पाण्यात पडलेल्या चावीचेही तसेच: चिप बंदिस्त असल्याने ती बहुधा वाचते, रिमोटची पाटी मात्र खराब होऊ शकते.

याच गैरसमजातून एक खास फजिती होते. चावीचे डोके तुटले म्हणून दोन-तीनशे रुपयांचे नवे कव्हर मागवले जाते. पाते आणि रिमोटची पाटी नव्या कव्हरमध्ये बसवली जाते, जुने कव्हर कचऱ्यात जाते. दार उघडते, गाडी सुरू होत नाही. चिप कचऱ्यात गेलेली असते. कव्हर बदलताना जुन्या डोक्याचा प्रत्येक कोपरा उघडून पाहावा आणि नव्या चावीने इंजिन सुरू झाल्याशिवाय जुने काही फेकू नये.

गाडी चावी ओळखत नाही हे कसे समजायचे? डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे लहान चिन्ह असते. इग्निशन चालू केल्यावर ते क्षणभर पेटून विझले पाहिजे. ते लुकलुकत राहिले तर तक्रार इमोबिलायझरची. चिन्ह नीट विझले आणि स्टार्टर ‘कट-कट’ करत असेल, तर दोष बहुधा गाडीच्या बॅटरीत. त्यासाठी नवी चावी करून घेण्याचे कारण नाही. कधी कधी एकाच कड्यात दोन गाड्यांच्या चाव्या असतात आणि दोन्ही चिपा एकदमच बोलू लागतात. अशा वेळी दुसरी चावी कड्यातून काढून पुन्हा प्रयत्न करावा.

डुप्लिकेट म्हणजे नक्कल नव्हे, नोंद

शेतकऱ्याला हे पटकन समजेल. शेताला धुरा आहे, कुंपण आहे, खरेदीखतही झाले. पण फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव चढत नाही तोवर कागदोपत्री मालक जुनाच. चावीचे पाते हे कुंपण, आणि गाडीच्या संगणकात असलेली चाव्यांची यादी हा सातबारा. नवी चावी कितीही हुबेहूब कापली, तरी तिचे नाव त्या यादीत चढले नसेल तर गाडीच्या लेखी ती परकी. म्हणून कारच्या बाबतीत ‘डुप्लिकेट चावी बनवणे’ हा शब्दप्रयोग अर्धाच खरा आहे. पाते कापण्याचे काम पाच मिनिटांचे. उरलेले काम नोंदीचे, आणि खर्च होतो तो त्याचाच.

ही नोंद करायला स्कॅनर लागतो. स्टीअरिंगखाली असलेल्या ओबीडी या जोडणीत तो लावायचा, त्या गाडीचा सुरक्षा संकेतांक टाकायचा आणि नवी चावी इग्निशनमध्ये घालून तिची ओळख करून द्यायची. ठरावीक संख्येपर्यंतच चाव्या या यादीत बसतात. काही गाड्यांत मालकालाही हे करता येते. फोर्डच्या अनेक गाड्यांत आधी नोंदलेल्या दोन चाव्या हाताशी असतील तर तिसरी स्कॅनरशिवाय नोंदवण्याची पद्धत मालकाच्या पुस्तिकेत दिलेली असते. पण त्यात अट पाहा: दोन चाव्या हव्यात. एकच उरली असेल तर ही सोय संपली.

एक हरवली आणि दोन्ही हरवल्या, यांत जमीन-अस्मानाचे अंतर

नवी कार घेताना दोन चाव्या मिळतात. पहिली हरवली की घरात शोधाशोध होते, मग कपाटातली दुसरी काढली जाते आणि सगळे विसरतात. खरे तर तीच वेळ असते नवी चावी करून घेण्याची. एक नोंदलेली चावी हाताशी असताना गाडी स्वतः चालत अमरावतीच्या सर्व्हिस सेंटरपर्यंत जाते, काम लवकर होते आणि खर्चही मर्यादेत राहतो.

दोन्ही गेल्या तर चित्र बदलते. गाडी जागची हलत नाही. स्टीअरिंगला कुलूप असल्याने दोरी बांधून ओढूनही नेता येत नाही. सपाट प्लॅटफॉर्मच्या गाडीवर चढवून न्यावी लागते. वितरक आधी आरसी, मालकाचे ओळखपत्र, अर्ज आणि बऱ्याच ठिकाणी चावी हरवल्याची पोलिसांकडची नोंद मागतो. मग चेसिस क्रमांकावरून कंपनीकडे चावी मागवली जाते. ती यायला काही दिवस, कमी खपाच्या मॉडेलला काही आठवडेही लागतात. काही गाड्यांत चावीऐवजी कुलपांचा पूर्ण संच बदलायला सांगितला जातो. साध्या चिपच्या चावीचा खर्च काही हजारांत असतो. बटणावर सुरू होणाऱ्या गाडीच्या स्मार्ट कीचा तो पाच आकड्यांपर्यंत जाऊ शकतो.

या सगळ्यात एक लहानशी वस्तू फार कामाची ठरते. नव्या गाडीच्या चाव्यांना धातूची किंवा प्लास्टिकची पट्टी अडकवलेली असते आणि तिच्यावर क्रमांक कोरलेला असतो. तो पाते कापण्याचा क्रमांक. बहुतेक घरांत ही पट्टी पेढ्यांच्या डब्याबरोबरच हरवते. ती कड्यात न ठेवता आरसीच्या मूळ कागदांसोबत घरी ठेवावी. कड्यात ठेवली तर चावीबरोबर तिचा क्रमांकही चोराच्या हाती गेला.

नवी चावी नोंदवताना आणखी एक गोष्ट आठवणीने सांगावी लागते: हरवलेल्या चावीचे नाव यादीतून कमी करा. त्यासाठी उरलेल्या सर्व चाव्या सोबत न्याव्या लागतात, कारण बऱ्याच गाड्यांत यादी पुसून नव्याने भरली जाते. घरी राहिलेली चावीही मग परकी होते. नाव कमी केले तर हरवलेली चावी कोणाला सापडली तरी इंजिन सुरू होणार नाही. दार मात्र त्या पात्याने उघडेल, हे विसरू नये.

अमरावती, अकोला, नागपूर या शहरांत चिपच्या चाव्या करून देणारे खासगी कारागीरही आहेत आणि त्यातले अनेक जण काम चोख करतात. वितरकापेक्षा पैसे कमी लागतात. निवड करताना एक साधी खूण पाहावी. जो कारागीर काम हाती घेण्याआधी आरसी आणि ओळखपत्र मागतो, तोच भरवशाचा. जो काही न विचारता चावी करून देतो, तो उद्या तुमच्या गाडीची चावी दुसऱ्या कोणालाही करून देईल.

एवढा खटाटोप कशासाठी?

कारण तो चालतो. अमेरिकेत १९८६ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये चावीच्या पात्यात एक लहानसा रेझिस्टर बसवला गेला. त्याची १५ वेगवेगळी मूल्ये असत आणि मूल्य जुळले तरच गाडी सुरू होई. पंधराच पर्याय म्हणजे चोराने पंधरा चाव्या खिशात ठेवायच्या. तरीही त्याचा वेळ जाई आणि चोराला वेळच परवडत नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यात रेडिओ लहरींवर बोलणाऱ्या चिपा आल्या. युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या कारमध्ये इमोबिलायझर सक्तीचा केला. ऑस्ट्रेलियाने २००१ मध्ये आणि कॅनडाने २००७ मध्ये तेच केले. नेदरलँड्समधील १९९५ ते २००८ या काळातील चोऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना या एका स्वस्त यंत्रामुळे कारचोऱ्यांत मोठी घट झालेली आढळली.

अमेरिकेने सक्ती केली नाही. तिथल्या विमा क्षेत्राच्या संशोधन संस्थेच्या माहितीनुसार २०१५ च्या मॉडेलांपैकी इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांत इमोबिलायझर प्रमाणित होता; ह्युंदाई आणि किया यांच्या गाड्यांत तो २६ टक्केच होता. याच कंपन्यांच्या युरोपातल्या गाड्यांत तो असे, कारण तिथे कायदा होता. २०२१-२२ मध्ये ही फट समाजमाध्यमांवर उघडी पडली. स्टीअरिंगखालचे प्लास्टिक उचकटून यूएसबी वायरच्या टोकाने गाडी सुरू करण्याच्या चित्रफिती पसरल्या आणि शाळकरी पोरे गाड्या पळवू लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने किमान १४ अपघात आणि आठ मृत्यू यांचा संबंध या प्रकाराशी जोडला. कंपन्यांना लाखो गाड्यांचे सॉफ्टवेअर बदलून द्यावे लागले आणि त्याच वर्षी सुमारे २० कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. काही हजार रुपयांची चावी डोईजड वाटते तेव्हा हा हिशेबही समोर ठेवलेला बरा.

आपल्याकडे त्याआधीच्या पिढीत नाशिकच्या ऑटोकॉपसारख्या कंपन्यांचे सायरनवाले अलार्म लोकप्रिय होते. मांजर बॉनेटवर चढले की अख्खी गल्ली जागी होई. सायरन चोराला घाबरवतो. इमोबिलायझर आवाज न करता गाडी अडवतो. दोन्ही यंत्रे वेगळी आहेत, आणि बाजारातला अलार्म बसवला म्हणजे इमोबिलायझर बसला असे होत नाही.

मग आजही कार चोरीला जातात त्या कशा?

सातबाऱ्याचे उदाहरण पुन्हा घ्यायचे, तर कुंपण तोडण्याऐवजी फेरफारच खोटा केला जातो. काच फोडून किंवा कुलूप उचकटून आत शिरायचे, ओबीडी जोडणीत प्रोग्रॅमर लावायचा आणि कोऱ्या चावीची नोंद करून गाडी रीतसर सुरू करून न्यायची. दिल्ली परिसरात पकडलेल्या टोळ्यांकडे अशी यंत्रे सापडल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. कंपनीच्या मेकॅनिकला जी सोय लागते तीच चोराच्या कामी येते, हा यातला जुना पेच आहे. यावर ओबीडी जोडणीला लावायचे लोखंडी कुलूप मिळते. ते दिसायला गावठी आहे, पण चोराची काही मिनिटे नक्की खाते.

बटणावर सुरू होणाऱ्या गाड्यांना वेगळा धोका आहे. चावी घरात खुंटीला टांगलेली असते. एक जण दाराजवळ यंत्र घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीजवळ. दोघे मिळून चावी आणि गाडी यांच्यातला संवाद लांबवतात. गाडीला वाटते चावी जवळच आहे. चावी घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली तर लहरी अडतात. घरी एकदा करून पाहावे: चावी डब्यात ठेवून डबा हातात घेऊन गाडीजवळ जा, दार उघडले नाही तर डबा कामाचा.

चिपमधले गणितही अभेद्य नव्हते. ४० बिटांची एक प्रसिद्ध चिप अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए यांच्या संशोधकांनी २००५ मध्ये फोडून दाखवली. फोक्सवॅगनसह अनेकांच्या गाड्यांत असलेल्या दुसऱ्या एका चिपवरचा शोधनिबंध ब्रिटिश न्यायालयाने २०१३ मध्ये अडवला होता. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिवस्यातल्या चोराला मात्र एवढे गणित सोडवण्याची गरज पडत नाही. त्याचे लक्ष बहुधा चालू ठेवून चहाला थांबलेल्या गाडीवर असते.

मे महिन्यात गाडी आधीच गार: रिमोट स्टार्टचे काय?

थंड देशांत रिमोट स्टार्ट लोकप्रिय झाला तो काचेवरचा बर्फ वितळवण्यासाठी. वऱ्हाडात कारण नेमके उलटे. अकोला-अमरावतीचा पारा मेमध्ये ४५ अंशांवर जातो आणि दुपारी उन्हात उभी असलेली कार उघडली की स्टीअरिंगला हात लावता येत नाही. आत बसण्याआधी एसी सुरू झालेला कोणाला नको आहे?

भारतात ही सोय मध्यम किमतीच्या गाड्यांत २०१९ च्या सुमारास दिसू लागली. त्या वर्षी आलेल्या ह्युंदाई व्हेन्यू आणि किया सेल्टॉसच्या वरच्या आवृत्त्यांत मोबाईलवरून इंजिन सुरू करता येऊ लागले. कंपनीने बसवलेल्या यंत्रणेत इमोबिलायझर आडवा येत नाही, कारण हुकूम देणारा भाग गाडीच्या संगणकाला आधीच ओळखीचा असतो. मोबाईलचा आदेश कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथून गाडीतल्या सिमकार्डावर येतो. इंजिन ठरावीक मिनिटेच चालते. चावी आत नसताना कोणी गाडी हलवायला गेला तर ते बंद पडते. म्हणजे चालू इंजिनाची गाडीही चोराला नेता येत नाही. नेटवर्क नसलेल्या शिवारात मात्र हे सगळे मोबाईलच्या पडद्यावर गोल फिरत राहते.

प्रश्न बाहेरून बसवलेल्या किटचा आहे. ऑनलाइन काही हजारांत मिळणारे हे किट स्टार्टर फिरवू शकते, पण चिपच्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. त्यावर फिटर जो तोडगा काढतो तो असा: मालकाकडून दुसरी चावी मागून घ्यायची, तिच्यातली चिप काढायची आणि डॅशबोर्डखाली इग्निशनच्या कड्याजवळ चिकटवून टाकायची. गाडी सुरू होते, मालक खूश. पण याचा अर्थ समजून घ्या. पहारेकऱ्याने ज्याला पाहून दार उघडायचे, त्यालाच पहाऱ्याच्या खोलीत कायमचे बसवले आहे. आता पाते फिरवणारी कोणतीही चावी, नाहीतर जोडलेल्या दोन वायरी, गाडी सुरू करू शकतात. इमोबिलायझरसाठी मोजलेले पैसे वाया गेले. काही किटमध्ये ही चिप फक्त रिमोटचे बटण दाबल्यावरच जोडली जाते. ते त्यातल्या त्यात बरे, तरी किल्ली घरातच असण्याचा प्रकार राहतोच.

दुसरा धोका जिवाचा आहे. वऱ्हाडातल्या बहुतेक गाड्या मॅन्युअल गिअरच्या आणि उतारावर गिअरमध्ये टाकून उभी करण्याची आपली सवय. क्लच न दाबता अशा गाडीचा स्टार्टर फिरला तर ती पुढे झेप घेते. समोर भिंत असेल किंवा खेळणारे मूल. कंपन्या यासाठी गिअर न्यूट्रलमध्ये आहे का, हे तपासणारे सेन्सर ठेवतात. स्वस्त किटमध्ये ती वायर अनेकदा मोकळीच सोडलेली असते. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालत राहिले तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, तो वेगळाच.

आणि कायदा? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन उभे करायचे असेल, तर एक तर चालकाच्या जागी परवानाधारक व्यक्ती हवी किंवा यंत्र बंद करून ब्रेक लावलेला हवा. तिवस्याच्या बाजारात रस्त्याकडेला उभ्या केलेल्या रिकाम्या गाडीचे इंजिन दुकानातून बटण दाबून सुरू करणे या कलमात बसत नाही. मग यंत्रणा कंपनीची असो की बाहेरची. स्वतःच्या अंगणात केले तर गोष्ट वेगळी.

विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते

डॅशबोर्डखाली चिप चिकटवणाऱ्याला खरा फटका बसतो तो इथे. कार चोरीला गेल्यावर विमा कंपनी एफआयआरबरोबर गाडीच्या सर्व मूळ चाव्या मागते. एकच दिली की पहिला प्रश्न येतो: दुसरी कुठे? ती फोडून चोरीला गेलेल्या गाडीतच बसवली होती, हे उत्तर दावा मंजूर करायला बसलेल्या माणसाला पटवणे अवघड आहे. म्हणून एखादी चावी खरोखर हरवली असेल, तर त्याच दिवशी पोलिसांकडे नोंद करून तिची प्रत ठेवावी. नवी चावी केल्याचे बिलही जपावे. चावी बदलण्याच्या खर्चासाठी वेगळे पूरक संरक्षण अनेक कंपन्या थोड्या जादा हप्त्यात देतात. स्मार्ट कीच्या गाडीला ते घेण्यासारखे आहे.

चावी गाडीलाच राहिली आणि गाडी गेली तर? एका ट्रकच्या प्रकरणात चालक चावी इग्निशनमध्येच ठेवून पत्ता विचारायला उतरला आणि ट्रक चोरीला गेला. विमा कंपनीने दावा फेटाळला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रकमेच्या ७५ टक्के देण्याचा आदेश दिला. म्हणजे दावा पूर्ण बुडाला नाही, पण पंचवीस टक्के त्या चावीपायी गेले. त्याआधी २०२० मध्ये न्यायालयाने असेही स्पष्ट केले होते की एफआयआर तातडीने नोंदवलेला असेल, तर विमा कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणावरून चोरीचा खरा दावा नाकारता येत नाही.

पुण्याच्या एआरएआयने मान्यता दिलेले चोरीविरोधी यंत्र बसवले असेल, तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, पण कमाल ५०० रुपये सूट, अशी तरतूद जुन्या मोटार दरपत्रकात होती आणि अनेक कंपन्यांनी ती चालू ठेवली आहे. प्रमाणपत्र मागितले जाते. रकमेकडे पाहता हेलपाटे किती मारायचे हे ज्याचे त्याने ठरवावे.

जुनी कार घेताना

तिवसा, मोर्शी, वरुड पट्ट्यात संत्र्याचे पैसे हाती आले की कार घेतली जाते आणि त्यातल्या बऱ्याच सेकंड हँड असतात. टायर पाहिले जातात, बॉनेट उघडले जाते, दारावर बोटे वाजवून पत्रा पाहिला जातो. चाव्यांबद्दल मात्र ‘एकच आहे, दुसरी गावाला राहिली’ हे ऐकून सौदा होतो. एकाच चावीची गाडी घ्यायची असेल, तर दुसरी करून घेण्याचा खर्च किमतीतून आधीच वजा करावा.

दोन चाव्या दिल्या तर दोन्हींनी इंजिन सुरू करून पाहावे. नुसते दार उघडून चालणार नाही. इग्निशनजवळचे आवरण उचकटल्याच्या खुणा आहेत का आणि खाली टेपने गुंडाळलेले काही चिकटवले आहे का, हेही वाकून बघावे. मग सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून घ्यावा. बऱ्याच गाड्यांत किती चाव्या नोंदलेल्या आहेत ते पडद्यावर दिसते. तिथे तीन हा आकडा आला आणि हातात दोनच असतील, तर तिसरी कोणाकडे आहे हे विकणाऱ्याला पैसे देण्याआधी विचारायचे. उत्तर काहीही मिळो, यादी पुसून हातातल्या दोनच चाव्या पुन्हा नोंदवून घ्यायच्या. दोन्ही चाव्या सोबत असल्या तर हे काम सर्व्हिसिंगच्या त्याच फेरीत होते.